पाठीवरचं बिऱ्हाड

लांबच्या प्रवासासाठी तयार कँपर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण इंजिनाच्या ताकदीपासून सुरुवात करतात. मग चारही चाकांना ओढ आहे का, लांबी किती, छपरावरचं सौर पॅनेल किती वॅटचं, असे प्रश्न येतात. ते विचारायचेच, पण नंतर. आधी गाडीला एक साधा प्रसंग घालून पाहावा. रात्रीचे दहा वाजलेत, बाहेर पाऊस कोसळतोय, जागा अनोळखी आहे आणि दिवसभर चाक धरून खांदे भरून आलेत. आता चालकाच्या आसनावरून उठून, दार न उघडता, अंगावर थेंब न घेता, काहीतरी गरम पोटात टाकून आडवं व्हायला किती गोष्टी हलवाव्या लागतील? दहा हलवाव्या लागत असतील, तर पहिला आठवडा गमतीत जातो आणि त्यानंतर मालक संध्याकाळ झाली की लॉज शोधू लागतो. तीन-चारांत काम भागत असेल, तर त्या गाडीत माणूस वर्षभर राहू शकतो.

या प्रसंगाला आजवर सर्वांत देखणं उत्तर दिलं ते, माझ्या मते, फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टरवर उभ्या राहिलेल्या वेस्टफालिया कँपरनं. ही तिसरी पिढी, म्हणजे टी-थ्री, 1979 साली आली. तिच्यावर बांधलेला कँपर युरोपात ‘जोकर’ नावानं विकला गेला आणि अमेरिकेत ‘व्हॅनागन कँपर’ म्हणून. 1988 साली त्याच घराण्यात ‘कॅलिफोर्निया’ आली आणि पुढं तेच नाव रूढ झालं. जर्मनीतलं टी-थ्रीचं उत्पादन 1990 नंतर आटोपत गेलं, दक्षिण आफ्रिकेत मात्र ती 2002पर्यंत बनत राहिली. इतक्या जुन्या गाडीचं रसग्रहण आज कशासाठी, असं कुणी विचारील. आज बाजारात उभ्या असलेल्या बहुतेक कँपरांची आतली मांडणी याच गाडीच्या मांडणीशी बोलत असते; ही नीट वाचता आली की बाकीच्या वाचता येतात.

आत शिरण्याआधी ती कुणाच्या हातची आहे ते पाहू. वेस्टफालिया हे जर्मनीतल्या वीडेनब्रुक गावचं कारखानदार घर. 1844 साली लोहारकामातून सुरुवात, मग घोडागाड्या, मग मोटारीला जोडायचे ट्रेलर. ट्रेलर जोडायचा गोल डोक्याचा आकडा आज जगभर दिसतो. त्याचा जोड 1930च्या दशकात याच घरानं घडवला. फोक्सवॅगनची व्हॅन 1950 साली रस्त्यावर आली, आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालियानं तिच्यात बसवायची ‘कँपिंग बॉक्स’ काढली: बाक, पलंग आणि कपाट यांचा एक सुटा संच. आठवडाभर सामान वाहा, शनिवारी हा संच आत ठेवा, सोमवारी काढून टाका. म्हणजे जोकर आखला गेला तेव्हा या लोकांच्या गाठीला अठ्ठावीस वर्षं होती. ग्राहकाचं कोपर कुठं आपटतं, कोणती कडी तिसऱ्या वर्षी सैल होते, रात्री काय शोधताना माणूस चिडतो, हे सगळं त्यांना कळून चुकलं होतं. तयार कँपर का घ्यावा, स्वतःच सुतार गाठून का बनवू नये, या प्रश्नाचं उत्तर या अठ्ठावीस वर्षांत आहे. पहिल्या प्रयत्नात कुठल्याही हौशी माणसाला हे साधत नाही, कारण त्याच्याजवळ दुसऱ्यांच्या रात्री नसतात.

आता गाडीच्या मागं जाऊन मोठं दार वर उचलू. समोर इंजिन दिसत नाही, गादी दिसते. गादी बाजूला करून खालची झडप काढली की मग इंजिन दिसतं, आणि ते कसं ठेवलंय हे नीट पाहण्यासारखं आहे. चार सिलिंडर उभे न ठेवता दोन-दोन समोरासमोर आडवे घातले आहेत. त्यामुळं इंजिनाची उंची कमी राहिली, आणि आधीच्या पिढीच्या मानानंही टी-थ्रीचा मागचा कट्टा चांगलाच खाली आला. डिझेल इंजिनाचे सिलिंडर मुळात एका ओळीत उभे. तेही इथं बसवताना एका कुशीवर कलतं केलं. अभियंत्यानं हे सामानाच्या जागेसाठी केलं असेल, पण त्याचं खरं सोनं वेस्टफालियाच्या सुतारानं केलं. इंजिनावरचा हा कट्टा त्यानं पलंगाचा एक तृतीयांश भाग म्हणून वापरला. मधल्या बाकाची बैठक पुढं ओढली की पाठ आपोआप आडवी पडते आणि तिची पातळी मागच्या गादीशी जुळते. सुमारे चार फूट रुंद आणि सहा फूट लांब असा पलंग एका हाताच्या ओढीत तयार. तिथं हात फिरवून पाहावा: जोड कळतो, पण पाठीला टोचत नाही. आणि थंडीच्या दिवसांत, दिवसभराच्या प्रवासानंतर, पायाकडची गादी इंजिनाच्या उबेनं कोमट असते. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं, पण या गाडीत राहिलेल्या माणसांना ते आठवतं.

इथंच तिचं एक उणंही सांगायला हवं. दिवसा त्या मागच्या कट्ट्यावर सामान चढवलं, तर रात्री ते कुठं तरी न्यावं लागतं. दोघं जण असतील आणि वरच्या मजल्यावर झोपणार असतील तर प्रश्न नाही; खालचा कट्टा भरलेलाच राहू द्यावा. चौघं असतील तर रोज सामानाची उचलठेव. म्हणून या गाडीत चार जणांची सोय असली, तरी वर्षभराच्या प्रवासाला ती दोघांची गाडी आहे, हे घेणाऱ्यानं आधीच मनाशी ठरवावं.

पलंगावरून पुढं पाहू. इंजिन मागं गेल्यामुळं चालकाच्या आणि शेजारच्या आसनामध्ये काहीच आडवं येत नाही. मधून सरळ चालत मागं यावं. चालकाशेजारचं आसन चाप दाबून गर्रकन फिरवता येतं. ते बाकाकडं तोंड करून बसलं की मध्ये टेबल. हे टेबल एका दांड्यावर बसवलेलं आहे, आणि दांडा बाकाच्या कडेला. टेबल हवं तसं फिरतं: जेवताना मध्ये, नकाशा पाहताना बाकासमोर, उठायचं असेल तेव्हा बाजूला. चार पाय असते, तर प्रत्येक वेळी कुणाचा तरी गुडघा त्यांच्याशी भांडला असता. मी कँपर पाहायला जातो तेव्हा आधी टेबलाचा पाय पाहतो. आखणाऱ्यानं स्वतः त्या जागेत बसून पानं वाढली आहेत की नाही, ते तिथं लगेच उघड होतं.

आता ओटा. गाडी डावीकडं चाक असलेली. चालकाच्या मागं, डाव्या भिंतीला लागून हा ओटा आहे. दोन शेगड्या, शेजारी स्टीलचं बेसिन, वर झाकणं. झाकणं मिटली की सलग फळी मिळते, भाजी चिरायला तेवढी पुरते. सुमारे 50 लिटर पाण्याची टाकी आणि 12 व्होल्टचा पंप. हे सगळं बाकावर बसल्या बसल्या हाताशी येतं, आणि छप्पर उचललेलं असेल तर उभं राहूनही करता येतं. ओट्याची उंची या दोन्ही बैठकींचा विचार करून ठरवलेली आहे. बसलेल्याला उकळतं भांडं छातीशी येत नाही आणि उभ्याला कंबरेत फार वाकावं लागत नाही. सरकतं दार समोर उजव्या भिंतीत, त्यामुळं दार उघडं ठेवून स्वयंपाक केला की वाफ सरळ बाहेर जाते. फोडणीचा वास पडद्यांत मुरू नये यासाठी इतकं पुरतं, हे आपल्या स्वयंपाकाची सवय असणाऱ्याला लगेच पटेल.

ओट्याखालचा फ्रिज मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. त्यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या बंद नळीत एका टोकाला उष्णता द्यायची आणि दुसऱ्या टोकाला थंडावा घ्यायचा, अशी ती योजना. ही उष्णता तीन वाटांनी देता येते. गाडी चालू असताना 12 व्होल्टच्या विजेवर, मुक्कामी वीज मिळाली तर तिच्यावर, आणि दोन्ही नसतील तेव्हा गॅसच्या ज्योतीवर. गॅसवर लावायची रीतही मजेदार आहे. आधी एक छोटा हातपंप मारून ज्वालाकक्षातली हवा बदलायची, मग गॅसचं बटण दाबून धरायचं, ठिणगी द्यायची आणि तळाशी असलेल्या इवल्याशा खिडकीतून निळी ज्योत पेटली का ते वाकून पाहायचं. समईची वात राखावी तशी ती राखावी लागते. जळायला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर भिंतीतल्या जाळीतून बाहेर जातो, त्यामुळं झोपलेल्या माणसांच्या श्वासात त्याचा वाटा नसतो. रात्रभर एक सूक्ष्म आवाजसुद्धा होत नाही. आजच्या कॉम्प्रेसर फ्रिजाजवळ झोपून पाहिलेल्या माणसाला या निःशब्दपणाची किंमत कळते.

या फ्रिजच्या दोन अटी आहेत. एक, गाडी समपातळीत उभी हवी. उतारावर त्यातला द्रव नीट वाहत नाही. दुसरी, उंची. लेह 3,500 मीटरवर आहे, पामीरच्या रस्त्यावरच्या खिंडी 4,000च्या वर जातात. तिथल्या विरळ हवेत ज्योत रुसते. तिसरी अडचण गाडीची नाही, देशादेशांची आहे. गॅसच्या सिलिंडरचे जोड प्रत्येक देशात निराळे. युरोपात भरलेला सिलिंडर भारतात रिकामा झाला की आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर त्याला बसत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणारे अनुभवी लोक जोडांची एक पिशवीच बरोबर ठेवतात. अलीकडचे महागडे कँपर, उदाहरणार्थ अमेरिकेतला फोर्ड एफ-550वर बांधलेला अर्थरोमर, गॅस सोडून डिझेल, बॅटरी आणि सौर ऊर्जेवरच सगळं चालवतात. जग ओलांडायचं असेल तर तो विचार बरोबर आहे. ज्यासाठी पंप शोधत फिरायचं असं इंधन एकच असावं. तरीही त्या निळ्या ज्योतीचा शांत कारभार पाहिला की त्या काळच्या आखणीला दाद द्यावीशी वाटते.

आणि आता छप्पर. वेस्टफालियाचं खरं काव्य इथं आहे. फायबरचं हलकं छप्पर मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलं आहे. आतून एक आडवी दांडी वर ढकलायची; स्प्रिंगची मदत असल्यामुळं एका माणसाला ते जमतं. दांडीचे हात एका बिंदूच्या पलीकडं गेले की स्वतःच अडकतात, वेगळी खिटी लावावी लागत नाही. पुढचं टोक उंच, मागचं खाली, आणि मध्ये कापडाच्या भिंती. ही तिरकी चढण फक्त बिजागरीच्या सोयीची नाही. जिथं माणूस उभा राहतो तो भाग, म्हणजे ओट्यासमोरची मोकळी जागा, पुढच्या उंच टोकाखाली येतो. मागं, पलंगावर, कुणी उभं राहत नाही. तिथं उंची कशाला? वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याचं डोकं पुढं, पाय मागच्या उताराकडं. उंची नेमकी लागते तिथंच दिली आहे, एक वीतही जास्त नाही. कापडाच्या पुढच्या भिंतीत जाळीची खिडकी. उन्हाळ्याच्या रात्री झिप उघडली की वारा थेट चेहऱ्यावर येतो. छपराच्या पुढं, चालकाच्या डोक्यावर, सामानाचा खोलगट ट्रे. तोही बाहेरून वेगळा न चिकटवता गाडीच्या रेषेतच मिटवलेला आहे.

छपराचा आणखी एक गुण बाजूनं पाहून कळत नाही, नकाशा पाहून कळतो. छप्पर मिटलेलं असताना गाडीची उंची दोन मीटरच्या थोडीच वर राहते, लांबी 4.57 मीटर, रुंदी 1.85 मीटरच्या आत. साधा वीस फुटी कंटेनर आतून 5.9 मीटर लांब असतो आणि त्याच्या दाराची उंची सुमारे 2.28 मीटर. म्हणजे जोकर त्यात सरळ चालत जातो. उत्तर अमेरिकेतून दक्षिणेकडं निघालेल्या प्रत्येक गाडीला पनामाशी थांबावं लागतं, कारण पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनचं जंगल आहे आणि तिथं रस्ताच नाही. तेवढं अंतर जहाजानंच पार करायचं. बंद कंटेनरमध्ये गाडी कुलूपबंद जाते. ज्यांचं छप्पर कायमचं उंच आहे त्यांना जहाजाच्या उघड्या डेकवर किंवा रो-रो जहाजावर किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन पाठवावी लागते. ज्यांची सगळी मालमत्ता त्या गाडीत आहे त्यांना हा फरक किती मोठा आहे ते कळतं. वेस्टफालियानं त्याच टी-थ्रीवर कायमच्या उंच छपराची आवृत्तीही काढली होती. ती घरासारखी मोकळी आणि थंडीत उबदार. युरोपभर फिरायला ती उत्तम, पण समुद्र ओलांडायचे असतील तर मिटणारं छप्परच घ्यावं, यात मला शंका नाही.

बारीकसारीक गोष्टींकडं आता झरझर जाऊ. पडदे सगळ्या खिडक्यांना, पुढच्या काचेलाही. रुळावर सरकतात, खाली बटणांनी अडकतात, त्यामुळं चालत्या गाडीत फडफडत नाहीत. मुख्य बॅटरी एका आसनाखाली, दुसऱ्या आसनाखाली दुसरी बसवायला जागा. एक कपाट मागच्या कोपऱ्यात उभं, ओल्या जाकिटाला पुरेल एवढं. मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत जादाचं चाक नाकाखालच्या पाळण्यात ठेवलेलं आहे. तिथं ते अपघातात आधी मार खातं आणि आतली जागाही अडवत नाही.

चाकांचा विषय निघालाच आहे. 1985पासून टी-थ्री ‘सिंक्रो’ रूपातही मिळू लागली. तिची चारही चाकं ओढणारी यंत्रणा ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या श्टायर-डाइमलर-पुखनं घडवली आणि गाड्याही तिथंच तयार झाल्या. तिच्या पुढच्या आसापाशी एक बंद डबा असतो: बारीक पातळ चकत्या आणि दाट सिलिकॉन द्रव. साध्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं जवळजवळ एकाच वेगानं फिरतात आणि डबा काही करत नाही. मागची चाकं वाळूत घसरायला लागली की चकत्या एकमेकींच्या पुढं धावतात, द्रव त्यांना धरून ठेवतो आणि ओढ आपोआप पुढच्या चाकांकडं जाते. चालकाला कळ दाबावी लागत नाही. शिवाय खडकाळ चढासाठी एक जास्तीचा संथ गिअर. जीपच्या गर्जनेची सवय असलेल्यांना ही सगळी शांतता संशयास्पद वाटते. प्रत्यक्षात ओल्या मातीच्या चढावर गाडी विनातक्रार वर सरकताना पाहिली की संशय फिटतो. इंजिन मागं, माणसं पुढं, यामुळं दोन्ही आसांवर वजन जवळजवळ सारखं पडतं. त्याचा फायदा दोन चाकांच्या गाडीलाही मिळतो. मागच्या चाकांवर इंजिनाचा भार असल्यामुळं ओल्या गवतातून बाहेर पडायला ती बऱ्याच आधुनिक व्हॅनपेक्षा सरस आहे. म्हणून मी सिंक्रोला मनापासून दाद देतो, पण प्रत्येकाला ती घ्या म्हणत नाही. चारही चाकांची जरूर वर्षात मोजक्या दिवशी पडते. तिच्या जास्तीच्या सुट्या भागांचा शोध मात्र वर्षभर घ्यावा लागतो.

इंजिनाबद्दल बोलताना कौतुक आवरतं घ्यायला हवं. 1982च्या अखेरीस आलेलं पाण्यानं थंड होणारं आडवं पेट्रोल इंजिन मधुर चालतं, पण सिलिंडर हेडच्या जोडातून पाणी झिरपण्याचा त्याला जुनाट आजार आहे. कूलंट वेळच्या वेळी बदललं नाही तर आतून गंज धरतो. 50 अश्वशक्तीचं सुरुवातीचं डिझेल प्रामाणिक आहे, पण घाटात ट्रकच्या मागं ट्रकच्याच चालीनं जातं. 70 अश्वशक्तीचं टर्बो-डिझेल या दोहोंच्या मधलं. ते गोल्फ आणि पसाटच्या डिझेल इंजिनांच्याच घराण्यातलं, त्यामुळं त्याला ओळखणारा मिस्त्री अनेक देशांत भेटतो. उंचीवर टर्बोमुळं श्वासही कमी तुटतो. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहाव्या हिश्शानं घटते, हे खारदुंग ला किंवा पामीर डोळ्यांपुढं ठेवून आठवावं.

सुट्या भागांचा हा मुद्दा आपल्याकडच्या वाचकाला एका शेजारच्या उदाहरणानं जास्त भिडेल. त्याच काळात जर्मन प्रवाशांची आणखी एक आवडती गाडी होती: ब्रेमेनची मर्सिडीझ व्हॅन, 1977ची. 1987 साली पुण्याच्या बजाज टेम्पोनं, आजच्या फोर्स मोटर्सनं, तीच गाडी परवान्यानं बनवायला घेतली. तिलाच आपण टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो. तिचं डिझेल इंजिनही मर्सिडीझच्याच वळणाचं. म्हणजे जुनी मर्सिडीझ व्हॅन घेऊन भारतात आलेल्या प्रवाशाला तिचं भावंड गावोगावच्या स्टँडवर उभं दिसे. टी-थ्रीला इथं असं सख्खं कुणी नव्हतं. कँपरची निवड करताना आतलं सुतारकाम पाहावं, आणि खालची गाडी ज्या देशांतून जाणार त्या देशांत तिचं कुणी नातेवाईक आहे का, तेही पाहावं. आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागांत टोयोटा लँड क्रूझरला हे नातं सर्वत्र मिळतं. तिच्यावर बांधलेला उचलत्या छपराचा ट्रूप कॅरियर तिथं राजा ठरतो तो याच कारणानं, आत जोकरसारखी मांडणी नसतानाही.

भारताशी या गाडीच्या पूर्वजाचं नातं मोठं आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत लंडन-अॅमस्टरडॅमहून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असं करत गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या तरुणांच्या गाड्यांत फोक्सवॅगनच्या दुसऱ्या पिढीच्या व्हॅन असायच्या. चौकडीच्या कापडाचे वेस्टफालिया पडदे अंजुण्यापर्यंत पोचले. पण 1979 हे वर्ष विचित्र ठरलं. त्याच वर्षी इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. ज्या रस्त्याच्या अनुभवानं ही गाडी परिपक्व झाली होती, तो बंद होण्याच्याच साली टी-थ्री जन्मली. पुढं इराणमधून थेट बलुचिस्तानात उतरून क्वेट्टामार्गे वाघ्याला यायची वाट प्रवाशांनी रुळवली, आणि गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्याजवळ हिवाळ्यात जर्मन नंबराची एखादी टी-थ्री दिसू लागली.

हरमललाच एकदा मी अशा एका जोकरच्या आत बसलो. मालकीणबाई मूळच्या हांबुर्गच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी चहा केला तो बाकावरून न उठता. तेव्हा ध्यानात आलं की डावीकडून चालणाऱ्या आपल्या देशात या गाडीचं सरकतं दार रस्त्याच्या बाजूला उघडतं. जर्मनीत जो फूटपाथ, तो इथं रहदारीचा पट्टा. त्यांनी याचा तोडगा सहज काढला होता. मुक्कामाच्या जागी गाडी नेहमी उलटी वळवून, दार झाडांकडं करून उभी करायची. गाडी इतकी आखूड असल्यामुळं आणि पुढची चाकं चालकाच्या आसनाखालीच असल्यामुळं अरुंद गल्लीतही ती वळते. मोठ्या ट्रकवर बांधलेल्या कँपरला हे कधी जमलं नसतं. युनिमॉग किंवा मॅन ट्रकवर बांधलेली प्रवासी घरं मी पाहिली आहेत. पाण्याच्या टाक्या शेकडो लिटरच्या, भिंती जाड, आत गरम पाण्याचा शॉवर. सहारा किंवा सैबेरिया ओलांडायला त्यांच्यासारखं काही नाही. पण जुन्या गावाच्या वेशीपाशी ती थांबतात, आणि लांबच्या प्रवासातला अर्धा आनंद वेशीच्या आत असतो.

मग आज कुणी घ्यायला निघालं, तर काय पाहावं? जुना जोकर घेणार असाल तर आधी रंगाखाली पाहा. टी-थ्रीच्या पत्र्याच्या जोडांच्या उभ्या-आडव्या रेषांत गंज शिरतो. सरकत्या दाराची खालची रूळपट्टी, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेची चौकट इथं नख घालून पाहा. मग छप्पर तीन वेळा उचला आणि मिटवा. कापड शिवणीत कुरकुरत असेल, तर ते बदलता येतं. पण बिजागरी ढिली असेल तर विचार करा. फ्रिज गॅसवर लावून ज्योत निळी आहे का पाहा; पिवळी असेल तर बर्नर साफ करावा लागेल. बाक ओढा, पलंग करा, पुन्हा बाक करा, आणि हे सगळं पावसाळी जाकीट घालून करा. नवी गाडी घेणार असाल, तरी हीच परीक्षा घ्या. विकणारा मागं उभा राहून पॅनेलवरच्या दिव्यांबद्दल बोलत असेल तेव्हा तुम्ही चालकाच्या आसनावर जाऊन बसा, इंजिन बंद करा आणि उठून पलंगापर्यंत या. वाटेत काय काय हलवावं लागलं ते मोजा.

माझा कौल असा: रस्ता युरोपातून तुर्कस्तान, इराण आणि मध्य आशियाकडं जात असेल, तर मिटणाऱ्या छपराचा, 70 अश्वशक्तीच्या टर्बो-डिझेलचा, साध्या मागच्या चाकांच्या ओढीचा जोकर घ्यावा आणि सिंक्रोसाठी लागले असते ते जादाचे पैसे गंज काढण्यावर आणि एका नव्या गिअरबॉक्सवर खर्च करावेत. रस्ता आफ्रिकेच्या आतल्या भागात उतरणार असेल, तर मात्र लँड क्रूझर घ्यावी.